बत्तिसावा हात

बोट उथळ पाण्यात टेकली तेव्हा मी एकशे चौदावा बांगडा मोजत होते. फळीवर आडवा ठेवलेला मासा, नाकाच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत एकवीस सेंटिमीटर चार मिलिमीटर. हा आकडा मला अजून आठवतो, कारण तो मी लिहिला नाही. पेन्सिल हातात तशीच राहिली.

निळी बोट होती, कडेला लाल पट्टा. इंजिन बंद पडून ती पहाटेपासून बंदराच्या तोंडाशी भरकटत होती आणि तिच्यावरच्या माणसांनी काठीला सदरा बांधून मदत मागितली होती. तारकोंडच्या दोन होड्या गेल्या, तिला दोर बांधला आणि ओढत घेऊन आल्या. बोट टेकल्यावर सत्यवान धुरी कमरेएवढ्या पाण्यात उतरला, कठड्यावर चढला आणि पुढे उभ्या असलेल्या, बोटीचा प्रमुख असलेल्या म्हाताऱ्या तांडेलाच्या तोंडावर त्याने वल्ह्याचा दांडा मारला.

आवाज फार मोठा आला नाही. म्हातारा हात जोडून उभा होता, आभार मानायला. जोडलेल्या हातांसकट तो मागे पडला.

बोटीवर तिघं होते. तिघांनाही केस धरून पाण्यातून वाळूवर आणलं. एकाच्या कानातून रक्त येत होतं. दुसरा पालथा पडून डोकं हातांत लपवत होता आणि त्याच्या पाठीवर माणसं पाळीपाळीने लाथा घालत होती. मला सगळ्यात जास्त त्या पाळीचंच आश्चर्य वाटलं होतं. गर्दी नव्हती, धक्काबुक्की नव्हती. एक बाजूला झाला की दुसरा पुढे येई, जाळं ओढताना येतात तसा.

त्या माराला कारण होतं. तारकोंडला रापण चाले. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं; होडीतून ते समुद्रात अर्धगोल सोडायचं आणि दोन्ही टोकांनी वाडीने वाळूवर उभं राहून ओढून घ्यायचं. असं जाळं एकट्याचं कधीच नसतं. तारकोंडचं एकतीस घरांचं होतं. आदल्या सोमवारी पहाटे सव्वापाचला, जाळं पाण्यात असताना, बाहेरची एक मोठी यांत्रिक बोट दिवे बंद करून किनाऱ्यालगत आली आणि जाळ्यावरून गेली. जाळं दोनशे हात फाटलं; नंतर वाडीला होड्यांतली लहान जाळीच उरली. जाळ्याशेजारची होडी उलटली. होडीत सत्यवान होता आणि त्याचा धाकटा भाऊ भालचंद्र. सत्यवान पोहत आला. भालचंद्र मंगळवारी दुपारी सापडला, जाळ्याच्याच तुकड्यात गुंडाळलेला.

निळी बोट, लाल पट्टा, असं सत्यवानने सांगितलं होतं. त्या अंधारात ती पाहणारा तो एकटाच.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून एका संशोधन प्रकल्पावर लागले होते. मासळी उतरते तिथे जायचं, लांबी-वजन मोजायचं, वहीत लिहायचं. तारकोंडला मी आबा तोरसकरांच्या पडवीतल्या खोलीत राहत असे. आबा रापणीचे तांडेल, म्हणजे जाळं कधी टाकायचं आणि कधी ओढायचं ते सांगणारे. रविवारी संध्याकाळी एसटीने मी उत्तरेकडच्या मोठ्या बंदरात जाई आणि सोमवारी सकाळी तिथल्या बोटींची मासळी मोजून परत येई. वाडी मला मापवाली बाय म्हणे. ओढलेल्या मासळीचे वाटे करताना माझा तराजू उपयोगी पडू लागल्यावर आबांनी सगळ्यांना विचारून मलाही अर्धा वाटा लावला होता. मी तो सुलोचनाकाकींच्या, म्हणजे आबांच्या बायकोच्या, चुलीला देत असे.

वाळूवर मार चालू होता तेव्हा मी बोटीच्या नाळेवरचा, म्हणजे पुढच्या टोकावरचा, नंबर वाचत होते. रंग उडालेला होता, पण आकडे धड होते. ते मी कुठेतरी पाहिले होते. मी वहीची पानं मागे उलटली. सोमवार, मोठं बंदर, सकाळी साडेसहा. त्या पानावर सातव्या ओळीत तोच नंबर होता, माझ्याच अक्षरात. पुढे पंचवीस सुरमयांची मापं.

मोठं बंदर तिथून पन्नास सागरी मैल. तसली बोट तासाला आठ मैल जाते. सव्वापाचला तारकोंडला असलेली बोट साडेसहाला तिथे असू शकत नाही. हे गणित करायला मला पेन्सिलही लागली नाही.

मी वही पिशवीत ठेवली. मला शिकवलेलं होतं की एका नोंदीवरून निष्कर्ष काढायचा नाही. त्या सकाळी मी बावीस बोटी मोजल्या होत्या. नंबर उतरवताना एखादा आकडा इकडचा तिकडे झाला असेल तर? आधी खात्री करावी, मग बोलावं, असं मी ठरवलं. खात्री कशी करणार होते, ते ठरवलं नाही. वाडीत फोन लागत नसे.

तेवढ्यात म्हाताऱ्याला माझ्यासमोरून ओढत नेलं. त्याचा एक डोळा मिटला होता. उघडा डोळा माझ्या मापाच्या फळीवर थांबला. काहीतरी आठवू पाहताना माणूस थबकतो तसा तो क्षणभर थांबला. मग मागून कुणीतरी त्याच्या मानेत गुद्दा घातला आणि तो पुढे गेला.

दहा वाजता मांगरात बैठक बसली. मांगर म्हणजे जाळं ठेवायची लांब झोपडी. मी माझ्या खोलीकडे निघाले होते. सुलोचनाकाकी दारात आडव्या आल्या.

"खय चललंस, बाय? दोरावर तुझो हात आसा."

तारकोंडची रीत अशी होती. जो जाळ्याचा वाटा खातो, त्याने निर्णयाच्या वेळी हजर राहायचं. मांगरात या टोकापासून त्या टोकापर्यंत रापणीचा जाड दोर टाकत आणि दोन्ही अंगांना सगळे बसून त्यावर हात धरत. हात वर करणं नाही, मोजणं नाही. तांडेल तीन वेळा विचारी. ज्याला पटत नसे त्याने दोर सोडायचा. तोंडातून एक शब्द काढायचा नाही, कारण सांगायचं नाही, आणि कुणी विचारायचंही नाही. एक जरी हात सुटला तरी तो विषय पुढच्या भरतीपर्यंत थांबे. तिसऱ्यांदा विचारूनही सगळे हात जागेवर असले, तर दोन्ही टोकांचे गडी दोर ताणत आणि ते काम मग सगळ्यांचं होई. रापण एकट्याला ओढता येत नाही, तर निर्णय तरी एकट्याचा का असावा, असं आबा मला कौतुकाने सांगत. मलाही ती रीत फार आवडली होती. मी ती घरी पत्रात लिहून कळवली होती.

त्या दिवशी दोरावर एकतीस घरांचे एकतीस हात होते. बत्तिसावा माझा. आबा माझ्या समोर बसले होते. मांगराच्या आढ्याला फाटलेलं जाळं टांगलेलं होतं आणि दाराशी भालचंद्रच्या रबरी चपला तशाच पडून होत्या. चौथा दिवस असूनही त्या कुणी हलवल्या नव्हत्या.

त्या तिघांना बाहेर माडांना बांधलं होतं. तो म्हातारा आतल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होता. त्याचं नाव नागप्पा. कारवारच्या बाजूचा असल्यामुळे त्याची बोली सगळ्यांना कळत होती. सोमवारी पहाटे आम्ही वरच्या बंदरात होतो, असं तो सांगत होता. आत आल्याच्या वेळेचं तिथलं टोकन आहे. केबिनमध्ये पत्र्याची पेटी आहे, तिच्यात आहे. एक माणूस पाठवा, बघून येऊ दे. हे त्याने किती वेळा सांगितलं ते मी मोजलं होतं. सात वेळा.

कुणीतरी म्हणालं, कागद सगळ्यांकडेच असतात, हवा तसा शिक्का मारून मिळतो. दोघं-तिघं हसले. ते हसणं संपल्यावर आबांनी सत्यवानला विचारलं, "तू नीट बघलंस मा रे? हीच बोट?"

सत्यवानने मान वर केली. तीन दिवसांत त्याने अंघोळ केली नव्हती. हातांवर जाळ्याचे व्रण होते.

"आबा," तो म्हणाला, "माझो भाव माझ्या हातातना सुटान गेलो. आणि तुमी माका इचारतास, नीट बघलंस काय म्हणान?"

त्यानंतर तो प्रश्न कुणालाच पुन्हा विचारता आला नाही. मी पाहत होते. दोघं-तिघं बोलण्यासाठी तोंड उघडून थांबले.

"तेंका बोटीतच बांदा," सत्यवान म्हणाला, "आणि बोट पेटवा."

बाहेर नागप्पाचा आवाज थांबला होता. आबांनी दोराकडे पाहिलं. मग म्हणाले, "माणसांक हात लावचो नाय. माणसा सोडून देवची. बोट पेटवूया."

आणि मला दोर सैल झाल्यासारखा वाटला. तो सैल झाला नव्हता. एकतीस माणसांनी एकदम श्वास सोडला होता. मीही सोडला. माणसं वाचली होती. आम्ही काहीतरी वाईट टाळलं होतं, आणि त्यामानाने बोट म्हणजे काय, लाकूड.

"कोणाचा काय म्हणना आसा?" आबांनी पहिल्यांदा विचारलं.

दोर काथ्याचा होता, मिठाने ताठ झालेला. माझ्या तळव्याला टोचत होता.

"कोणाचा काय म्हणना आसा?"

मी आबांच्या हाताकडे पाहत होते. डावा हात, करंगळीला नख नाही. बाहेर नागप्पा आठव्यांदा म्हणाला, पेटी बघा. पिशवी माझ्या मांडीला लागून होती. वहीचा कोपरा मला कापडातून जाणवत होता.

"कोणाचा काय म्हणना आसा?"

दोन्ही टोकांच्या गड्यांनी दोर ताणला. तो माझ्या सैल मुठीत वर उचलला गेला आणि घट्ट झाला. बत्तीस हात.

बोटीतलंच डिझेल बोटीवर ओतलं. आग लावायला पाच-सहा जण वर गेले. पहिली काडी कुणी ओढली ते मी पाहिलं नाही. पोलिसांनाही मी तेच सांगितलं आणि ते खरं होतं. आधी पुढच्या अंगाला दोरखंड पेटले, मग नायलॉनचं जाळं वितळून काळे थेंब पाण्यात पडू लागले. ते पडताना चर्र चर्र आवाज येत होता. उन्हात ज्वाळा नीट दिसत नव्हत्या, फक्त हवा थरथरताना दिसत होती. सगळी वाडी पाण्याच्या कडेला उभी होती. माडांपाशी राखणीला ठेवलेले दोघंही बघायला पुढे आले होते.

त्यामुळे नागप्पा सुटल्याचं कुणाला कळलं नाही. तो माझ्या बाजूने पळत गेला. वयाच्या मानाने फार जोरात. हातांच्या दोऱ्या त्याने माडाच्या खरबरीत खोडावर घासून तोडल्या होत्या आणि त्याबरोबर मनगटांची कातडीही. तो पाण्यात शिरला, बुडी मारून अंग भिजवून घेतलं आणि कठड्यावर चढला. काही जण ओरडले. तो केबिनमध्ये गेला.

मी आकडे मोजते. ती माझी सवय आहे, त्याला माझा इलाज नाही. मी अकरापर्यंत मोजलं तेव्हा आतली टाकी फुटली.

तो दारातून बाहेर आला नाही, फेकला गेला. पाण्यात पडला तेव्हा त्याच्या अंगावर कपडे नव्हते. पाठीवर पांढरं काहीतरी होतं. ते कापड नव्हतं. सगळ्यात आधी त्याच्याकडे कोण धावलं असेल तर सत्यवान. त्याने त्याला काखेत हात घालून ओढलं आणि ओढताना त्याच्या हातात कातडी आली. सत्यवान ओरडला. पण सोडलं नाही, वाळूपर्यंत आणलं.

नागप्पाच्या हातांत पत्र्याची पेटी होती. तापलेला पत्रा तळव्यांना चिकटला होता. ती काढून घेता येत नव्हती. आबा गुडघ्यांवर बसले.

"उघडा," नागप्पा म्हणाला. त्याच्या ओठांना आकार उरला नव्हता, पण शब्द स्पष्ट होता.

आबांनी पेटी त्याच्या हातांतच ठेवून झाकण उघडलं. आत कागद होते, कडा तांबूस झालेले. वरच जांभळ्या शिक्क्याचा एक तुकडा. आबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि तो तुकडा माझ्यापुढे धरला.

"बाय, वाच."

मी वाचलं. बंदराचं नाव, बोटीचा नंबर, सोमवारची तारीख, आत आल्याची वेळ सकाळी सहा. मोठ्याने वाचलं, मागच्यांना ऐकू जावं म्हणून. माझ्या आवाजात काही फरक पडला नाही. एकेक आकडा सुटा सुटा उच्चारला, पडताळणी करताना उच्चारतात तसा. नागप्पाचा उघडा डोळा माझ्याकडे होता. त्याने मला ओळखलं होतं की नाही, ते मला कधीच कळणार नाही.

सत्यवान पाण्यात जाऊन बसला. कुणी त्याला उठवायला गेलं नाही.

मांगराचं दार काढून त्यावर नागप्पाला टेम्पोत घातलं. तो शनिवारी सकाळी तालुक्याच्या दवाखान्यात मरण पावला.

पोलिसांनी एकतीस जणांना एकच प्रश्न विचारला आणि एकच उत्तर मिळालं. कोणी पेटवली? वाडीने. कोणी ठरवलं? वाडीने. सहा जणांना नेलं. पुढे तीन वर्षांनी पुराव्याअभावी तेही सुटले. माझी पाळी आली तेव्हा मी वही फौजदारांच्या टेबलावर ठेवली आणि सोमवारचं पान उघडून दाखवलं. ते भराभर लिहून घेत होते. नंबर, वेळ, सुरमया पंचवीस.

"हे तुमच्या लक्षात कधी आलं, बाई?"

"गुरुवारी सकाळी. साधारण साडेसात."

त्यांचं लिहिणं थांबलं. "बोट पेटवली किती वाजता?"

"अकराला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या दोन्ही वेळा एकाखाली एक लिहिल्या आणि मला जायला सांगितलं. दोर धरणं हा काही गुन्हा नव्हता.

सोळा वर्षांनी मी पुन्हा तारकोंडला गेले. तोवर मी दुसऱ्यांना मोजमाप शिकवू लागले होते. वाडीत काँक्रीटचा रस्ता आला होता. रापण बंद पडली होती. सत्यवान गोव्यात कुठेतरी आचारी होता. तो समुद्रावर पुन्हा गेला नाही, असं कळलं. मी पाच दिवस राहिले आणि घरोघर गेले. त्या दिवशी दोरावर हात असलेल्यांपैकी बावीस जण हयात आणि गावात होते. मी त्यांना फार काही विचारलं नाही. एवढंच, की त्या दिवशी दोर सोडावा असं तुमच्या मनात आलं होतं का.

सोळा जण हो म्हणाले. काही लगेच, काही चहा थंड झाल्यावर. एकीने सांगितलं की करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट तिने उचललंसुद्धा होतं. एकाला सत्यवानचा हात तीनही वेळा कापताना दिसला होता. त्याला वाटलं होतं, आता हाच सोडतो. मग तुम्ही का नाही सोडलात, हे मी कुणालाच विचारलं नाही. रीतीप्रमाणे ते विचारायचं नसतं.

शेवटी आबांकडे गेले. सुलोचनाकाकी वारल्या होत्या. आबा पडवीत खुर्चीवर बसले होते, माझी खोली होती तिच्या दाराशी. ऐंशीच्या पुढे गेलेले. मला आवाजावरून ओळखलं. मी प्रश्न विचारण्याआधीच ते बोलू लागले.

"तुझी वही पिशयेत होती, ता माका मागीर कळला. पण तू कायतरी जाणतंस, ता तेवाच दिसला होता. सगळ्यांनी दोर धरलेलो. तू नुसतो हात ठेवलेलंस." त्यांनी दम घेतला. "मी तुझ्या हाताकडे बघी होतंय, बाय. म्हटला, शिकलेली पोर आसा. हिचो हात सुटलो काय मी पण सोडतंय. तिनय वेळा तेच बघलंय."

"मी तुमच्या हाताकडे बघत होते, आबा," मी म्हणाले. "तसंच ठरवून."

मग त्यांनी डावा हात खुर्चीच्या दांड्यावर ठेवला, मूठ वळलेली, करंगळीला नख नसलेला.

"किती जोर लागता गो," ते म्हणाले, "हात सोडूक?"

खरोखरच मोजून हवं असल्यासारखं त्यांनी विचारलं, आणि मला दाखवायला मूठ उघडू लागले. पण त्यांची बोटं संधिवाताने धरली होती. अंगठा तेवढा थोडा बाजूला झाला. बाकीची चार मी एकेक करून सोडवायला घेतली, तर ती पुन्हा मिटत होती.